पॅनल लाइनला वॉश: खान्देशच्या हवेत हे काम कसं करायचं

भुसावळच्या एसटी स्टँडवर एखादी जुनी, ॲल्युमिनियमच्या पत्र्याची गाडी उभी दिसली तर दोन मिनिटं तिच्या अंगाजवळ जाऊन उभे राहा. लांबून ती नुसती लाल दिसते. जवळून पाहिलं की पत्र्यावर पत्रा जिथे चढलाय तिथे बारीक काळपट रेघ दिसते. रिव्हेटच्या प्रत्येक टोपीभोवती मळाचं कडं असतं, डिझेलच्या टाकीच्या झाकणाखाली ओघळ आलेला असतो. ही रेघ कुणी ओढलेली नाही. रावेर-यावलकडची काळी धूळ, धूर, वंगण आणि पावसाचं पाणी यांनी ती वर्षानुवर्षं भरत आणलीय.

विमानाचं अंगही असंच पत्र्याच्या तुकड्यांचं असतं, आणि आपण पॅनल लाइन म्हणतो ते त्या तुकड्यांचे सांधे. प्लास्टिकचे सुटे भाग जोडून विमानाचं छोटं मॉडेल करायचं जे किट मिळतं, त्याच्या प्लास्टिकवर त्या खाचा कोरलेल्या मिळतात. पण रंगाचा हात फिरला की खाच आणि पत्रा एकरंगी होतात, आणि एवढ्याशा खाचेत सावली म्हणावी अशी पडत नाही. म्हणून अगदी नीट रंगवलेलं मॉडेलही खेळण्यासारखं दिसतं. त्या खाचांमध्ये पातळ गडद रंग सोडायचा आणि वर उरलेला पुसून घ्यायचा, याला वॉश म्हणतात.

ऐकायला सोपं आहे, आणि तंत्र खरोखर सोपं आहे. अडचण येते ती हवेची. व्हिडिओत सांगणारा माणूस वीस अंशांच्या खोलीत बसलेला असतो. तो म्हणतो, अर्ध्या तासाने पुसा. मे महिन्यात जळगावात पंख्याखाली बसून तुम्ही अर्धा तास थांबलात तर पुसायला हाताशी काही उरत नाही, रंग धरून बसलेला असतो. माझी पहिली तीन मॉडेलं अशीच डागाळली. त्यानंतर मी वेळा स्वतः लिहून ठेवायला लागलो, आणि या लेखातल्या वेळा त्या वहीतल्या आहेत.

उदाहरणासाठी माझ्या टेबलावरचं १/७२ मापाचं मिग-२१ घेतो. आपल्या शेजारी, नाशिक जिल्ह्यातल्या ओझरच्या कारखान्यात ही विमानं बनली. १९६३ साली हवाई दलात आलेलं हे विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला निवृत्त झालं. खऱ्या विमानाच्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर, म्हणजे या मापात जेमतेम दहा सेंटिमीटर. तळहातावर मावणाऱ्या या वस्तूवर शे-दोनशे खाचा असतात.

रंग लावण्याआधीच बघायचं

वॉश खाचेत उतरतो. खाचच बुजली असेल तर तो उतरणार कुठे? धडाचे दोन भाग चिकटवून सांधा घासला की घासलेल्या प्लास्टिकची पूड खाचांमध्ये जाऊन बसते. सांध्याजवळच्या रेघा तर घासण्याने अर्ध्या पुसल्याच जातात. मिग-२१ मध्ये हे हमखास पाठीच्या कण्यावर होतं, कारण तिथे आडव्या रेघा सांध्याला ओलांडून जातात. शिवणाची जाड सुई पेन्सिलीच्या टोकासारखी एखाद्या दांडीत पक्की बसवा, रेघेच्या बाजूला जाड चिकटपट्टी लावा आणि तिच्या कडेने सुई अगदी हलक्या हाताने चार-पाच वेळा ओढा. एकाच दमात खोल ओढायला गेलात तर सुई घसरून पत्र्यावर ओरखडा उठतो. मग जुना टूथब्रश, साबणाचं पाणी, आणि सावलीत वाळवणं. घरातलं कुणी डाळी धुतं तितक्या निगुतीनं धुवा, कारण बोटांचा तेलकटपणाही इथेच जातो.

फार जुन्या साच्यांच्या काही किटांवर रेघा कोरलेल्या नसतात, उठावाच्या असतात. त्यांच्यावर वॉश रेघेत बसत नाही, रेघेच्या दोन्ही बाजूंना साचतो. तिथे एकतर सगळ्या रेघा नव्याने कोरायच्या, नाहीतर वॉशचा नाद सोडायचा. नवशिक्याने अशा किटवर हे काम शिकू नये.

रंगही जाड चढवू नका. १/७२ मापातली खाच इतकी उथळ असते की कुंचल्याने दिलेले तीन दाट हात तिला भरून टाकतात. पातळ करून चार हात द्या.

कोणत्या रंगावर कोणता वॉश

सगळ्या कामाचा कणा इथे आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो. वॉश ज्या द्रावकात कालवलेला आहे तो द्रावक खालच्या थराला विरघळवणारा नसावा. एवढं पाळलं तर काहीही चुकलं तरी पुसून पुन्हा करता येतं. हे मोडलं तर वॉश पुसताना खालचा रंगही सोबत येतो आणि पांढरं प्लास्टिक उघडं पडतं.

मॉडेलच्या रंगांच्या मोटामोटी तीन जाती. ॲक्रिलिक, ज्यातले काही पाण्यात पातळ होतात आणि काही अल्कोहोलमध्ये. लॅकर, ज्याला झोंबरा थिनर लागतो. आणि इनॅमल, जे टर्पेंटाइनमध्ये पातळ होतं. चित्रकारांचे ट्यूबमधले तैलरंगही टर्पेंटाइनचेच. म्हणून खाली ॲक्रिलिक किंवा लॅकर आणि वर टर्पेंटाइनचा वॉश, ही जोडी जमते. खाली इनॅमल असेल तर वर टर्पेंटाइन नको. निदान आठवडाभर ते वाळू द्या, त्यावर ॲक्रिलिक क्लिअरचा, म्हणजे पारदर्शक रंगाचा, थर द्या, आणि मगच वॉश.

आता द्रावक आणायचं कुठून? रंगाच्या दुकानात मिळणारं मिनरल टर्पेंटाइन, दारं-खिडक्यांच्या ऑइल पेंटमध्ये घालतात ते, चालतं. चित्रकलेच्या सामानाच्या दुकानातली टर्पेंटाइनची छोटी बाटली जास्त स्वच्छ असते, पण महाग पडते. मी पातळ करायला ती वापरतो आणि कुंचले धुवायला रंगाच्या दुकानातलं.

दुकानात नाव नीट घेऊन मागा. पहिल्या वर्षी मी नुसतं ‘थिनर द्या’ म्हणालो.

‘काय रंगवून राहिले भाऊ?’ दुकानदाराने विचारलं.

‘प्लास्टिक आहे, शेठ.’

त्यांनी फर्निचरच्या पॉलिशला वापरतात ते एनसी थिनर बाटलीत भरून दिलं. त्यांच्या जागी ते बरोबरच होतं, थिनर म्हटलं की बहुतेक गिऱ्हाइकांना तेच हवं असतं. मी त्यात काळा रंग कालवला आणि डाव्या पंखाला लावला. बघता बघता रंग सुरकुतला, खालचं प्लास्टिक मऊ झालं, आणि कुंचल्याचे केस त्यात रुतून त्यांचे चरे कायमचे उमटले. किटचं प्लास्टिक पॉलिस्टायरीन असतं आणि एनसी थिनर ते सरळ विरघळवतं. तो पंख मी अजून ठेवलाय, शिकायला येणाऱ्या मुलांना दाखवायला. रॉकेलही नको. त्याचा तेलकट पापुद्रा मागे राहतो आणि वरचा थर त्यावर धरत नाही.

तयार वॉशही मिळतात. तामिया या जपानी मॉडेल कंपनीचा पॅनल लाइन ॲक्सेंट कलर सर्वांत सोयीचा: ४० मिलिलिटरची बाटली, झाकणालाच बारीक कुंचला, आत पातळ इनॅमल. पहिल्या मॉडेलसाठी तो घ्यायला माझी हरकत नाही. पण ट्यूबमधल्या तैलरंगाचा वॉश जास्त वेळ ओला राहतो, आणि आपल्या हवेत तोच वेळ आपल्याला हवा असतो. जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठल्याही चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात कॅमलचे आर्टिस्ट तैलरंग मिळतात. बर्न्ट अंबर, काळा आणि पांढरा, या तीन ट्यूबा वर्षानुवर्षं पुरतात. पाण्यातले ॲक्रिलिक वॉश मात्र मार्च ते जून हातात धरू नका. कुंचला बाटलीतून पंखापर्यंत येईतो टोक सुकतं.

चकाकीचा थर

समईत वात तेल वर ओढते ते केशाकर्षणाने. खाचेत वॉश धावतो तोही त्याच जोरावर. पण त्यासाठी खाच आणि आजूबाजूचा पत्रा काचेसारखा गुळगुळीत लागतो. मॅट रंग सूक्ष्मदर्शकाखाली खडबडीत असतो, वॉश त्या खडबडीत पसरतो, मुरतो आणि डाग होऊन बसतो. म्हणून रंगावर आधी ग्लॉस क्लिअर. सोप्या मार्गाच्या शोधात लोक नेमकी हीच पायरी गाळतात आणि मग वॉशला नावं ठेवतात.

मी तामियाचं एक्स-२२ क्लिअर त्यांच्याच एक्स-२०ए थिनरमध्ये साधारण निम्मं-निम्मं पातळ करून एअरब्रशने, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनने, देतो. पहिला हात अगदी धुक्यासारखा. दहा मिनिटांनी दुसरा, थोडा ओला. मग तिसरा, इतका ओला की पृष्ठभाग क्षणभर पाण्यासारखा चमकावा पण ओघळ येऊ नये. एअरब्रश नसेल तर रुंद, मऊ कुंचल्याने द्या. एका दिशेने एकदाच, आणि अर्धवट वाळलेल्या भागावर परत कुंचला फिरवायचा नाही. हार्डवेअरच्या दुकानातला लॅकर क्लिअरचा स्प्रे ॲक्रिलिकवर मारू नका. त्याचा द्रावक तीव्र असतो, खालचा रंग फाटतो.

इथे आपल्या हवेचा पहिला फटका बसतो. एप्रिल-मेच्या दुपारी एअरब्रशमधून निघालेला थेंब मॉडेलपर्यंत पोचण्याआधीच वाळू लागतो. पृष्ठभागावर तो ओला पडत नाही, कोरड्या कणासारखा पडतो, आणि हात फिरवला तर बारीक पॉलिश पेपरसारखं लागतं. हे ग्लॉस दिसायला चमकतं, पण वॉश त्यावर मॅटसारखाच डागतो. उपाय दोन: क्लिअरमध्ये रिटार्डरचे, म्हणजे वाळणं लांबवणाऱ्या द्रवाचे, थोडे थेंब घाला, आणि काम पहाटे करा. उन्हाळ्यात मी साडेपाचला बसतो आणि आठच्या आत क्लिअर संपवतो. कूलर बंद. कूलरच्या गवताचे तुसे आणि धूळ ओल्या थरावर येऊन बसतात, आणि ते काढताना थरही निघतो.

पावसाळ्यात उलटी तऱ्हा. हवेत दमटपणा असताना लॅकर क्लिअर मारलं तर त्यावर दुधाळ झाक येते. सातपुड्यावरून सर येऊन गेली असेल त्या दिवशी मी लॅकरचा डबा उघडतच नाही. सगळ्यांत चांगले दिवस हिवाळ्याचे, घरोघरी भरिताच्या पार्ट्या चालू असतात ते. सकाळी अकरा ते दुपारी तीन, हवा कोरडी, ऊन कोवळं, रंग शांतपणे बसतो.

थर झाला की २४ तास हात लावू नका, थंडीत ४८. तपासायचं असं: मॉडेल ट्यूबलाइटखाली धरा. पंखावर ट्यूबचं प्रतिबिंब सरळ, तीक्ष्ण कडेचं दिसलं तर थर तयार आहे. कडा फुटलेली, दाणेदार दिसली तर अजून एक ओला हात.

वाळवायला ठेवतानाही जागा बघा. उन्हात उभी बंद गाडी किंवा पत्र्याच्या माळ्यावरची खोली इतकी तापते की पंखाच्या पातळ कडा आणि नाकावरची लांब दांडी हळूहळू वाकते.

डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची पातळ चित्रं, या थरावर लावायचे: आपलं तिरंगी चक्र, शेपटीवरचा झेंडा, अंक. ते पूर्ण बसले, कडा दबल्या, की डिकलवरून पुन्हा ग्लॉसचा पातळ हात. मग डिकलवरून जाणाऱ्या खाचेतही वॉश उतरतो आणि चक्र रंगवलेलं वाटतं. डिकलची कडा उघडी राहिली तर वॉश तिच्याखाली शिरतो आणि तो काळा डाग कशानेही निघत नाही.

रंग कोणता निवडायचा

बहुतेक जण पहिल्यांदा काळा उचलतात. मीही उचलला होता. आता हिशोब करा. किटवरची खाच साधारण ०.२ मिलिमीटर रुंद धरली, तर ७२ पट केल्यावर ती १४.४ मिलिमीटर होते. खऱ्या विमानाच्या दोन पत्र्यांमध्ये बोट जाईल एवढी फट नसते, मिलिमीटर-दोन मिलिमीटरची असते. म्हणजे किटची खाच मुळातच वाजवीपेक्षा कितीतरी रुंद आहे. तिच्यात गडद काळा भरला तर विमान फरशीच्या सांध्यांसारखं दिसतं. म्हणून वॉश खालच्या रंगापेक्षा दोन-तीन छटा गडद, पण त्याच घराण्यातला असावा.

राखाडी मिगला काळ्यात पांढरा आणि चिमूटभर अंबर घालून केलेला गडद राखाडी. हिरव्या-तपकिरी छलावरणाला अंबरात थोडा काळा. पांढऱ्या किंवा पिवळ्या भागाला फिकट राखाडी-तपकिरी, इथे काळा फार ओरडतो. लाल रंगाला तपकिरी. मिग-२१ च्या जुन्या एफएल प्रकारासारखं नुसत्या धातूच्या चंदेरी रंगाचं अंग असेल तर तिथे मात्र काळपट तपकिरी शोभतो, कारण चकाकत्या धातूवर फटीची सावली खरोखर गडद दिसते.

सगळ्या रेघा एकसारख्या नसतात, हे लक्षात ठेवलं की मॉडेलमध्ये जीव येतो. पंखामागचे फ्लॅप, एलेरॉन, शेपटीचं सुकाणू हे हलणारे भाग आहेत. त्यांच्याभोवती खरी मोकळी फट असते, तिथे वॉश गडद ठेवा. इंजिनाजवळच्या, वारंवार उघडल्या जाणाऱ्या झाकणांभोवती तेलाचे हात लागतात, तिथे तपकिरीकडे झुकणारा. बाकीच्या, कायमच्या रिव्हेट केलेल्या सांध्यांना फिकट. एका मॉडेलला मी तीन छोट्या वाट्यांमध्ये तीन छटा कालवून घेतो.

वॉश कालवणं

ट्यूबमधून मुगाच्या दाण्याएवढा तैलरंग जाड पुठ्ठ्यावर काढा आणि तासभर तसाच सोडा. पुठ्ठा त्यातलं जवसाचं तेल शोषतो, रंगाभोवती तेलकट वर्तुळ दिसू लागतं. तेल कमी झालं की वॉश कमी चकाकतो आणि लवकर धरतो. भर उन्हाळ्यात मी अर्ध्या तासातच उचलतो, कारण तिथे आपल्याला लवकर धरायला नकोच आहे.

तो रंग स्टीलच्या छोट्या वाटीत घ्या. वाटी प्लास्टिकची नको. टर्पेंटाइन एकदम ओतू नका. आधी चार थेंब, कुंचल्याने घोटून लोण्यासारखं करा, गुठळी राहता कामा नये. मग थोडं थोडं वाढवत एका भागाला आठ-दहा भाग टर्पेंटाइन होऊ द्या. ओळखायचं कसं? वाटी तिरकी केली की रंग तळाशी उतरावा आणि भिंतीवर पारदर्शक पटल राहावं, कोरा चहा कपाला लागून राहतो तसं. ताकाएवढा दाट दिसला तर अजून पातळ करा. रंगद्रव्य तळाशी बसत राहतं, म्हणून दर दोन-तीन मिनिटांनी ढवळा.

थेट मॉडेलवर जाऊ नका. आइस्क्रीमच्या कपासोबत मिळणारा कडक प्लास्टिकचा चमचा घ्या, त्यावर सुईने दोन रेघा कोरा, तोच रंग, तोच ग्लॉस द्या आणि वॉश त्यावर करून बघा. माझ्या खणात असे चाळीसेक चमचे आहेत, प्रत्येकाच्या दांडीवर मिश्रण लिहिलेलं.

आगीबद्दल एक गोष्ट, आणि ती आपल्याकडे विशेष लागू आहे. टर्पेंटाइनची वाफ साधारण ३५ अंशांच्या आसपासच पेट घेण्याजोगी होते. थंड प्रदेशात खोली सहसा एवढी तापत नाही. आपल्याकडे मार्चपासून तापते. वाटी उघडी असताना त्या खोलीत देवघरातला दिवा, अगरबत्ती, गॅस काहीही पेटतं असू नये. खिडक्या उघड्या ठेवा, वाफ डोक्यात चढते. लहान मूल घरात असेल तर बाटली वरच्या फळीवर. आणि ती कधीही पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका.

लावणं

कुंचला ००० नंबरचा, टोक शाबूत असलेला. वॉशमध्ये बुडवा, वाटीच्या कडेला टेकवून जादा रंग सोडा, आणि टोक खाचेला फक्त टेकवा. रेघ ओढायची नाही. दोन रेघा जिथे मिळतात तो कोपरा निवडा, म्हणजे एका टेकवण्यात दोन्हीकडे रंग जातो.

मिगच्या कॉकपिटमागे एक चौकोनी झाकण आहे. तिथे पहिल्यांदा नीट जमलं तो क्षण मला अजून आठवतो. टोक कोपऱ्याला टेकलं, आणि रंग स्वतःच चालायला लागला. सरळ गेला, कोपऱ्याशी अर्धा सेकंद अडखळला, वळला, आणि पलीकडून येणाऱ्या धारेला जाऊन मिळाला. शेजारचा मुलगा बाजूला बसला होता. ‘काका, हे आपोआप पळतंय!’ म्हणून तो उभाच राहिला. ग्लॉस नीट असेल तर हे असंच होतं. रंग पळत नसेल, टेकवल्या जागी गोल डाग होऊन बसत असेल, तर थांबा. एकतर वॉश दाट आहे किंवा ग्लॉस कमी पडलाय. दामटून पुढे जाऊ नका.

सगळं मॉडेल एकदम घेऊ नका. हिवाळ्यात एक पूर्ण पंख, उन्हाळ्यात पंखाचा अर्धा भाग. तेवढा लावा, पुसा, मग पुढे. खाचेबाहेर थोडा रंग सांडला तर घाबरायचं कारण नाही, तो पुसायचाच आहे. पूर्ण पंख वॉशने माखून काढायची पद्धतही आहे. चिखलाने भरलेल्या रणगाड्यावर ती चालते. विमानाच्या फिकट अंगावर मात्र तिने सगळा रंग मळकट होतो, म्हणून मी विमानाला फक्त खाचांतच सोडतो.

चाकांच्या खोबणीत आणि चाकांच्या दांड्यांवर वॉश साचू देऊ नका. तिथे बरेचदा ग्लॉस पोचलेला नसतो, प्लास्टिक उघडं असतं, आणि भाग दाबून बसवलेले असल्याने ताणाखाली असतात. टर्पेंटाइन अशा ताणलेल्या उघड्या प्लास्टिकमध्ये मुरलं की बारीक तडे जातात. माझ्या एका मिगची पुढची दांडी रात्रीत अशीच दुभंगली, सकाळी विमान नाकावर पडलेलं होतं. गंडमची, म्हणजे जपानी यंत्रमानवांची, खेळणी जोडणाऱ्या मुलांनी तर फार जपावं. त्यांतले काही सांधे एबीएस प्लास्टिकचे असतात, आणि ते इनॅमल वॉशने पटकन तडकतात.

पुसणं

किती वेळ थांबायचं? माझ्या वहीत तैलरंगाच्या वॉशला असं लिहिलंय: डिसेंबर-जानेवारीत ४० मिनिटं, पावसाळ्यात अर्धा तास, एप्रिल-मेच्या पहाटे १२ ते १५ मिनिटं. तयार इनॅमल वॉशला याच्या साधारण निम्मे. घड्याळापेक्षा डोळा मोठा: वॉशची ओली चमक जाऊन तो मंद दिसू लागला की पुसायला घ्या.

पहिला हात कोरडा. जुन्या धोतराचा, अनेकदा धुतलेला मऊ तुकडा बोटाला गुंडाळा आणि वरवरचा रंग उचला. नव्या कापडाचे तंतू सुटतात, ते नको. मग इअरबड. टर्पेंटाइनमध्ये टेकवा आणि लगेच कापडावर दाबून जवळजवळ कोरडा करा. इथे घाई केली की सगळं जातं. ओला इअरबड खाचेतला वॉशही शोषून घेतो आणि रेघ तुटक होते. इअरबडने मॉडेलवर ओला पट्टा दिसता कामा नये, फक्त धूसर डाग निघावा. दोन-तीन पुसण्यांनंतर इअरबड फिरवा, मळला की टाका. एका मिगला मला तीसेक लागतात.

दिशेचा नियम: विमानावर पुढून मागे, वारा जातो तसा. पंखावरच्या बऱ्याचशा रेघा या दिशेला आडव्या असतात, त्यामुळे इअरबड खाच ओलांडून जातो आणि आतला रंग हलत नाही. ज्या रेघा वाऱ्याच्याच दिशेने धावतात तिथे हात अर्ध्याने हलका करा, नाहीतर इअरबड खाचेतून रंग ओढत नेतो. अशा रेघेला मी आधी आडवं, रेघ ओलांडून पुसतो, आणि शेवटी एकदाच वाऱ्याच्या दिशेने. पुसताना मागे राहिलेली अंधूक झाक पूर्ण घालवू नका. पत्र्यावर वर्षानुवर्षं उडालेल्या धुळीची ती खूण आहे. रणगाडा, ट्रक किंवा रेल्वेचं मॉडेल असेल तर वरून खाली पुसा. भुसावळच्या यार्डातली टँकरची वाघीण पाहा, तिच्यावरचे ओघळ झाकणापासून सरळ खाली उतरतात. त्या वाघिणीने मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्याही व्हिडिओने नाही.

बिघडलं तर

रेघ तुटली असेल तर तेवढ्याच जागी पुन्हा टोक टेकवा. डागाभोवती कडक काठ आला असेल, वाळलेल्या पाण्याच्या थेंबाला येतो तसा, तर टर्पेंटाइनमध्ये भिजवून निपटलेला कुंचला त्या काठावरून हलकेच फिरवा, काठ विरतो. वॉश दुसऱ्या दिवशीपर्यंत राहून गेला आणि निघत नाही, तर ओला इअरबड त्या जागी मिनिटभर टेकवून ठेवा, घासू नका. तैलरंग दोन-तीन दिवस तरी मऊ होतो. पुसताना खालचा रंग इअरबडवर आला तर ताबडतोब थांबा, वाळू द्या, तिथे रंग आणि ग्लॉस पुन्हा द्या. घासत राहिलात तर भोक मोठं होतं.

हे सगळं जड वाटत असेल तर पहिल्या मॉडेलला पाण्यातला वॉश करून बघा. चित्रकलेचा मऊ पेस्टल खडू पॉलिश पेपरवर घासून पिठासारखी पूड करा, त्यात पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. हा खाचेत भरा, पूर्ण वाळू द्या, आणि किंचित ओलसर कापडाने पुसा. नाही आवडला तर नळाखाली धरा, सगळा निघून जातो. उन्हात तो झटकन वाळतो आणि त्याने काही बिघडत नाही, हा त्याचा आपल्याकडचा मोठा फायदा. रेघ तैलरंगाइतकी नाजूक येत नाही, म्हणून मी पुढे त्यावर राहिलो नाही, पण पुसण्याचा हात यानेच बसला.

शेवटचा थर

तैलरंगाचा वॉश उन्हाळ्यात दोन दिवस आणि हिवाळ्यात पाच दिवस वाळू द्या. बोट लावून रंग येत नसला तरी आतून तो ओला असू शकतो, आणि अशा ओल्या वॉशवर क्लिअर मारलं तर रेघा पसरतात. मग मॅट किंवा सेमी-मॅट क्लिअर. याने डिकलची चमक जाते आणि वॉशचा ठसठशीतपणाही एक पायरी खाली येतो, म्हणून पुसताना रेघ हवी त्याहून जराशी गडद सोडायची. मॅटचा हातही पहाटेच, आणि जाड नको. जाड मॅट गडद रंगावर पांढुरकं दिसतं.

काम झाल्यावर चिंध्या आणि इअरबड चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. तैलरंगातलं जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, आणि गोळा केलेल्या चिंधीत ती साठून आपोआप आग लागू शकते. मी त्या अंगणात फरशीवर सुट्या पसरून वाळवतो, मग पाण्याने भिजवून टाकतो. उरलेला वॉश घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत महिना-दोन महिने टिकतो. बाटलीवर मिश्रण आणि तारीख लिहा, आणि पुढच्या वेळी उघडण्याआधी तळाचा रंग पूर्ण सुटेपर्यंत हलवा.